जुनं साउंड कार्ड घेताय? आधी बोर्डावरचा नंबर वाचा, रॅमचं नंतर बघू

क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई-३२ हे जुनं साउंड कार्ड शोधायला बसलात की पहिल्या दहा मिनिटांतच डोकं गरगरायला लागतं. नाव एकच, पण कार्डं पाच-सहा तऱ्हेची. कुठलं हातभर लांब, कुठलं आखूड. कुणावर रॅमचे सॉकेट, कुणावर नुसत्या मोकळ्या जागा. आणि विकणारा प्रत्येक कार्डाला ‘ओरिजिनल, रेअर पीस’ म्हणणारच.

जुनं ४८६ किंवा पेंटियम उभं करून त्यात क्रिएटिव्हचं आयसा (पीसीआयच्या आधीच्या जुन्या स्लॉटचं) कार्ड बसवायचंय, पण कुठलं घ्यावं आणि त्यात किती मेमरी टाकावी ते कळत नाहीये, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. शेवटी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या दुसऱ्या कंपनीच्या कार्डाबद्दलही थोडं आहे, कारण त्या कार्डात मेमरीचा हिशेब बराच वेगळा चालतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पैसे वाचतील. एडब्ल्यूई कार्डावरची रॅम फक्त साउंडफाँटच्या, म्हणजे कार्डावर चढवायच्या वाद्यांच्या नमुन्यांच्या फाइलींच्या, कामाची असते. तिने गेमचे स्फोट, गोळीबार, संवाद जराही सुधारत नाहीत आणि एफएम संगीतालाही (ते नमुन्यांवाचून चिप स्वतःच घडवते) तिचा काही उपयोग नाही. त्यामुळे ‘२८ एमबी लावलेलं’ म्हणून कुणी दुप्पट भाव सांगत असेल तर आधी स्वतःला विचारा, आपण साउंडफाँट वापरणार आहोत का?

लागणारं सामान

- आयसा स्लॉट असलेला मदरबोर्ड. ४८६ ते पेंटियम-२ या काळातल्या बहुतेक बोर्डांवर तो असतो, पेंटियम-३ च्या काही बोर्डांवरही मिळतो.
- चांगला टॉर्च आणि भिंग. फोनचा कॅमेराही चालतो.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर.
- जंपरच्या (दोन पिना जोडून सेटिंग ठरवणाऱ्या) दोन-चार जादा टोप्या आणि बारीक चिमटा.
- ३० पिनांच्या सिमची, म्हणजे रॅमच्या जुन्या पट्ट्यांची, एक जोडी (कार्डावर सॉकेट असतील तरच).
- क्रिएटिव्हच्या डॉस ड्रायव्हरची डिस्क किंवा तिची प्रत, आणि युनिसाउंड नावाचं छोटं फुकट साधन.
- पीएनपी (सॉफ्टवेअरने सेटिंग ठरणारं) नसलेलं कार्ड असेल तर त्याच मॉडेलच्या जंपरांचा तक्ता. तो आधीच छापून ठेवा, कॉम्प्युटर उघडून बसल्यावर शोधत बसू नका.

१. कार्ड कशासाठी हवंय ते ठरवा

गरजा साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली, १९९० च्या आसपासचे एफएम संगीताचे गेम. दुसरी, जनरल मिडी (ठरावीक वाद्ययादीवर बेतलेलं संगीत) असलेले नंतरचे गेम. तिसरी, स्वतः साउंडफाँट चढवून मिडी (सुरांच्या सूचनांच्या फाइली) वाजवणं.

पहिल्या गरजेला यामाहाची अस्सल ओपीएल-३ ही एफएम चिप असलेलं कार्ड हवं. दुसरीला वेव्ह ब्लास्टरची २६ पिनांची जागा असलेलं कार्ड सोयीचं, कारण तिथे यामाहाचं किंवा रोलँडचं मिडी बोर्ड वर चढवता येतं. तिसरीलाच फक्त सिमचे सॉकेट किंवा भरपूर मेमरी लागते. तिन्ही एकाच कार्डात हवं असेल तर सुरुवातीच्या काळातलं लांबलचक एडब्ल्यूई-३२ बघा, पण त्याचे स्वतःचे ताप आहेत. ते पुढे येतीलच.

२. बोर्डावरचा सीटी नंबर वाचा

खोकं आणि सीडी विसरा, स्टिकरही विसरा. क्रिएटिव्हच्या प्रत्येक कार्डाच्या बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत ‘सीटी’ आणि पुढे चार आकडी नंबर छापलेला असतो, बहुधा वरच्या कडेजवळ. कार्डाची खरी ओळख ती. विकणाऱ्याने हा नंबर दिसेल असा फोटो दिला नाही तर मागून घ्या. ‘तेच आहे हो’ यावर पैसे पाठवू नका.

थोडा इतिहास माहीत असला की नंबरांचा अर्थ लागतो. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाची ई-म्यू सिस्टिम्स विकत घेतली. ई-म्यू सँपलरसाठी नावाजलेली कंपनी. तिची ईएमयू-८००० ही चिप आणि साउंड ब्लास्टर-१६ एका बोर्डावर आणून मार्च १९९४ मध्ये एडब्ल्यूई-३२ बाजारात आलं. म्हणजे एकाच पट्टीवर दोन कार्डं आहेत असंच समजा. साउंड ब्लास्टर-१६ चा भाग आवाज आणि एफएम सांभाळतो, ईएमयू-८००० वाद्यांचे नमुने वाजवते. मेमरीचा सगळा खेळ या दुसऱ्या भागातला.

आता घराणी बघू.

एडब्ल्यूई-३२. सीटी-२७६० हे मूळचं. लांब, जंपरवालं, सीडी ड्राइव्हच्या जुन्या जोडण्यांसकट. सीटी-३९०० त्याचं धाकटं भावंड म्हणता येईल. सीटी-३९९० पीएनपी आहे, म्हणजे पत्ता वगैरे जंपरने नाही तर सॉफ्टवेअरने ठरतो. या घराण्यात १ एमबी रॉम (त्यात जनरल मिडीची वाद्यं), बोर्डावरच ५१२ केबी रॅम आणि ३० पिनांच्या सिमचे दोन सॉकेट असा सरंजाम असतो.

एडब्ल्यूई-३२ व्हॅल्यू. खरा घोळ इथे होतो. नाव तेच, ईएमयू-८००० तीच, ५१२ केबी तेवढीच, पण सिमचे सॉकेट नाहीत. पुढे मेमरी वाढवता येत नाही. जाहिरातीत ‘व्हॅल्यू’ हा शब्द हटकून गळतो. फोटोत दोन लांब सॉकेट शेजारी-शेजारी दिसतात का, एवढं बघितलं तरी पुरे.

साउंड ब्लास्टर-३२. १९९५ मध्ये आलेली स्वस्त आवृत्ती. सीटी-३६०० आणि सीटी-३६७० हे यातले नेहमी दिसणारे नंबर, यातलं ३६७० पीएनपी. गंमत बघा, व्हॅल्यूच्या अगदी उलट प्रकार. सिमचे सॉकेट आहेत, पण बोर्डावरची रॅम काढून टाकलेली. वेव्ह ब्लास्टरची जागाही गेली. मात्र दोन सिम टाकल्या की साउंडफाँटच्या बाबतीत हे कार्ड एडब्ल्यूई-३२ च्या बरोबरीला येतं. साउंडफाँट हेच तुमचं ध्येय असेल तर माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा सौदा. नावात ‘एडब्ल्यूई’ नाही म्हणून लोक त्याकडे बघत नाहीत, आणि ते तुमच्या पथ्यावर पडतं.

एडब्ल्यूई-६४. १९९६ च्या अखेरीस आलं. आखूड बोर्ड, आवाजातली खुसखुस कमी. ‘६४’ या आकड्याने फसू नका. हार्डवेअरमधून एका वेळी वाजणारे आवाज ३२ च आहेत. उरलेले ३२ विंडोजमध्ये प्रोसेसरच्या जिवावर सॉफ्टवेअर तयार करतं, डॉसमध्ये त्यांचा काही संबंध नाही. सीटी-४५०० आणि सीटी-४५२० व्हॅल्यू प्रकारचे, ५१२ केबी. सीटी-४३९० आणि सीटी-४५४० गोल्ड, ४ एमबी. गोल्ड ओळखायला सोपं, मागच्या पट्टीवर सोनेरी मुलाम्याचे आरसीए सॉकेट असतात.

या ६४ घराण्यात नेहमीची सिम चालत नाही. क्रिएटिव्हने स्वतःचं वेगळंच मेमरी मोड्यूल काढलं, ते आज मिळायला दुर्मिळ आणि मिळालंच तर महाग. जुन्या सिम बसवून देणारे अडॅप्टर त्या काळी निघाले होते, आणि हौशी लोक नवी मोड्यूलंही बनवतात. पण मेमरी वाढवायचा विचार पहिल्यापासूनच असेल तर ६४ च्या वाटेला जाऊ नका. नुसतं स्वच्छ आवाजाचं, फारसा त्रास न देणारं कार्ड हवं असेल तर मात्र जरूर घ्या.

३. एफएमची चिप आणि डीएसपीची आवृत्ती तपासा

हे काम पैसे देण्याआधीचं.

एफएम संगीतासाठी बोर्डावर वायएमएफ-२६२ असं लिहिलेली यामाहाची चिप शोधा. ती सुटी दिसली नाही तर सीटी-१७४७ बघा, त्या चिपच्या पोटातच ओपीएल-३ असतं. दोन्ही चालतात. क्रिएटिव्हने पुढे स्वतःची सीक्यूएम नावाची नक्कल वापरायला सुरुवात केली. एडब्ल्यूई-६४ वर सगळीकडे तीच आहे. तिचा आवाज जवळपास तसाच, पण काही वाद्यांना धातूवर टिचकी मारल्यासारखी किनार येते. कुणाला ती कळतही नाही, कुणाला सहन होत नाही. जुन्या गेमचं संगीत ऐकत लहानाचे मोठे झाला असाल तर तुम्हाला कळेल.

आता डीएसपी, म्हणजे कार्डाचे डिजिटल आवाज हाताळणारी चिप. साउंड ब्लास्टर-१६ आणि एडब्ल्यूई-३२ च्या ४.११ ते ४.१३ या डीएसपी आवृत्त्यांत एक कुप्रसिद्ध दोष आहे. कार्डाच्या मिडी पोर्टवर बाहेरचं सिंथ किंवा वेव्ह ब्लास्टर जोडलंय, आणि त्याच वेळी गेमचे डिजिटल आवाजही चालू आहेत, अशा वेळी एखादा सूर अडकतो आणि वाजतच राहतो. कार्ड बिघडलंय असं वाटतं, पण तो त्याचा जन्मजात गुण. बाहेरचं मिडी जोडणार नसाल तर हे विसरून जा, कार्डावरच्या ईएमयू-८००० ला हा त्रास होत नाही. एडब्ल्यूई-६४ ची ४.१६ आवृत्ती या दोषातून सुटलेली आहे. आवृत्तीचा आकडा क्रिएटिव्हच्या डायग्नोज प्रोग्रॅममध्ये दिसतो, तेव्हा विकणाऱ्याकडे चालू मशीन असेल तर तो दाखवायला सांगा.

४. मेमरीचा हिशेब: ३२ टाका, २८ मिळतात

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. दोन १६ एमबीच्या सिम लावल्या, मग ४ एमबी कुठे गेले?

ईएमयू-८००० १६ बिटांच्या शब्दांत मोजते आणि तिला २४ बिटांचा पत्ता कळतो. म्हणजे एकूण ३२ एमबी आवाक्यात. त्यातले पहिले ४ एमबी रॉमसाठी राखून ठेवलेले. रॉम प्रत्यक्षात १ एमबीचीच असली तरी जागा चारची अडवलेली. रॅम त्यानंतर सुरू होते. म्हणून ३२ वजा ४, म्हणजे २८. सिम खराब नाही, कार्डही खराब नाही, दुकानदाराशी भांडू नका.

दुसरा मुद्दा लोकांना उशिरा कळतो. सिम बसवल्यावर बोर्डावरची ५१२ केबी बंद होते. ती सिममध्ये मिसळत नाही. त्यामुळे शक्यता इतक्याच:

- १ एमबीच्या दोन सिम: २ एमबी
- ४ एमबीच्या दोन सिम: ८ एमबी
- १६ एमबीच्या दोन सिम: ३२, पण वापरात २८ एमबी

मधले आकडे नाहीत. एक १ ची आणि एक ४ ची लावून ५ होत नाहीत. एकच सिम लावूनही चालत नाही, कारण सिम ८ बिटांची आणि चिपला १६ बिट हवेत. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग एका सिमवर आणि अर्धा दुसरीवर जातो.

आणखी एक बारकावा. कार्डावर रॅम वापरायची म्हटली की ३२ पैकी दोन आवाज घरच्या कामाला लागतात. रॅम ताजी ठेवणं आणि एफएमचा आवाज पुढे सोडणं ही ती कामं. वाजवायला ३० उरतात. ऐकताना फरक जाणवत नाही, पण हा आकडा कुठे दिसला तर दचकू नका.

किती घ्यावी? माझं उत्तर ८ एमबी. त्या काळचे बहुतेक जनरल मिडी साउंडफाँट २ ते ८ एमबीच्या दरम्यान बनवलेले असतात. १६ एमबीच्या सिम दुर्मिळ, महाग, आणि सगळ्याच सगळ्या कार्डांवर चालतील याची खात्री नाही. शिवाय २८ एमबीचा साउंडफाँट आयसा बसवरून चढवायला जो वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

५. सिम निवडताना चिपवरचा नंबर वाचा

३० पिनांची सिम साधारण ९ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या मधोमध खाच नसते. मधोमध खाच असलेली, थोडी लांब ती ७२ पिनांची. ती इथे चालत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुना माल ठेवणाऱ्याकडे सिम मागितलीत तर तो मूठभर सिम काढून काउंटरवर ओततो. कुठली किती एमबीची हे त्यालाही ठाऊक नसतं. अशा वेळी चिपा मोजून अंदाज करू नका. नऊ चिपांची म्हणजे मोठी आणि तीन चिपांची म्हणजे छोटी, हा समज साफ चुकीचा. चिपवरचे आकडे वाचा. कंपनीप्रमाणे पुढची अक्षरं बदलतात, पण शेपूट बहुधा सारखंच राहतं:

- ‘५११०००’ असलेल्या नऊ चिपा: १ एमबी
- ‘५१४४००’ च्या दोन आणि ‘५११०००’ ची एक: तीही १ एमबीच
- ‘५१४१००’ च्या नऊ: ४ एमबी
- ‘५११७४००’ च्या दोन आणि ‘५१४१००’ ची एक: ४ एमबी

नववी किंवा तिसरी जादा चिप पॅरिटीची, म्हणजे चूक तपासायची. कार्ड तिच्याकडे बघत नाही, असली तरी चालते आणि नसली तरी चालते.

शेवटी डॅश देऊन ७, ७०, ६ किंवा ६० लिहिलेलं असेल तर तो वेग, नॅनोसेकंदांत. ८० किंवा त्याहून कमी हवा. १०० लिहिलेली घेऊ नका.

दोन्ही सिम एकाच कंपनीच्या, सारख्या चिपांच्या घ्या. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे भंगारातला मेलेला ४८६ बोर्ड सिमसकट उचलणं. ४८६ ला ३० पिनांच्या सिम चार-चारच्या गटात लागतात, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा चार एकसारख्या सापडतात. दोन वापरा, दोन राखून ठेवा.

६. सिम बसवणं

कार्ड कॉम्प्युटरमधून बाहेर काढा आणि टेबलावर पसरलेल्या कागदावर ठेवा. स्लॉटमध्ये असताना सिम बसवू नका, बोर्ड वाकतो.

सिमच्या पिना खोडरबरने हलक्या हाताने एकाच दिशेने घासा, मग अल्कोहोलने पुसा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या कथील मुलाम्यावर राखाडी थर हमखास असतो. सॉकेटच्या आतल्या पत्त्यांवर खोडरबर नको, तिथे ब्रश आणि अल्कोहोल.

सिमच्या एका टोकाला कोपऱ्यात खाच कापलेली दिसेल, तिथे पहिली पिन. सॉकेटच्या एका टोकाला त्या खाचेशी जुळणारा उंचवटा असतो. दिशा जुळवा. सिम तिरकी धरून तळापर्यंत टेकवा, मग दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेला सारखा जोर देत उभी करा. दोन्हीकडच्या क्लिपा ‘टक’ करून बसायला हव्यात आणि सॉकेटच्या खुंट्या सिमच्या भोकांत शिरायला हव्यात. एकाच बाजूने टक झालं तर सिम बसलेली नाही.

आतल्या बाजूचा सॉकेट आधी भरा. उलट केलंत तर बाहेरची सिम आतलीच्या वाटेत येते.

क्लिपा प्लॅस्टिकच्या असतील तर फार जपा. इतक्या वर्षांत प्लॅस्टिक कडक होतं आणि सिम काढताना क्लिप नखाने ओढली की तुटते. काढताना बोटाऐवजी लाकडी टूथपिक क्लिपच्या मागे सरकवून ती जेमतेम मिलिमीटरभर बाहेर करा. तुटलीच तर सिम तिथे रबर बँडने धरून ठेवणारी मंडळी आहेत. चालतं, पण मी सुचवणार नाही.

काही बोर्डांवर मेमरीचा जंपरही असतो: बोर्डावरची ५१२ केबी की सिम, हे ठरवणारा. तो हलवला नाही तर सिम कितीही नीट बसवा, कार्डाला ती दिसतच नाही. सॉकेटच्या आसपास छापलेली अक्षरं वाचा आणि तक्त्याशी ताडून पाहा.

७. स्लॉटमध्ये घालण्यापूर्वी

लांब कार्ड असेल तर आधी नुसतंच धरून बघा. पेंटियम-काळातल्या बऱ्याच बोर्डांवर ते प्रोसेसरच्या पंख्यावर किंवा रॅमवर आपटतं. सिम उभ्या राहिल्यावर शेजारच्या स्लॉटची जागाही खातात, तेव्हा तो मोकळा ठेवा.

कार्डावर आयडीईची जोडणी असेल आणि तुम्ही ती वापरणार नसाल तर जंपरने किंवा सेटअपमधून बंद करा. नाहीतर मदरबोर्डच्या दुसऱ्या आयडीईशी तिची टक्कर होते, सीडी ड्राइव्ह गायब होतो आणि आपण उगाच केबल बदलत बसतो.

प्रिंटर पोर्ट सहसा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची वाट) ७ धरून बसतो. म्हणून कार्डाला ५ द्या.

८. डॉसमध्ये कार्डाला जागं करा

पीएनपी कार्ड असेल तर क्रिएटिव्हचा सीटीसीएम हा प्रोग्रॅम किंवा युनिसाउंड लागेल. मला युनिसाउंड आवडतं: काम करून बाजूला होतं, मेमरीत बसून राहत नाही. जंपरवाल्या कार्डाला यातलं काही नको.

दोन्ही प्रकारांत ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘ब्लास्टर’ नावाचं चल (कार्डाच्या सेटिंगची नोंद) हवं. नेहमीची मांडणी अशी: ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० ई६२० टी६. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं. ए म्हणजे मूळ पत्ता, आय म्हणजे आयआरक्यू, डी आणि एच हे लहान-मोठे डीएमए (प्रोसेसरला वळसा घालून डेटा नेणाऱ्या वाटा), पी म्हणजे मिडीचा पत्ता. ई हा ईएमयू-८००० चा पत्ता, तो राहून गेला तर एडब्ल्यूई निवडलेला गेम मुका राहतो. टी६ म्हणजे कार्ड साउंड ब्लास्टर-१६ किंवा एडब्ल्यूई घराण्यातलं.

ईएमयू-८००० फक्त ६२० वर थांबत नाही, ए२० आणि ई२० या पत्त्यांवरही तिचा वावर असतो. तिथे दुसरं कार्ड येऊ देऊ नका.

यानंतर जंपरवाल्या कार्डासाठी एडब्ल्यूई-युटिल हा प्रोग्रॅम ‘/एस’ लावून चालवा. नवखे लोक ही पायरी गाळतात आणि मग ‘आवाज येतो पण एफएम संगीत येत नाही’ म्हणून कार्ड परत करतात. कारण असं की एफएमचा आवाज ईएमयू-८००० मधून जातो. तिला जागं केल्याशिवाय वाट उघडत नाही. यामाहाची चिप ठणठणीत असते.

त्याच प्रोग्रॅममध्ये जनरल मिडीची नक्कल करणारा पर्यायही आहे. जुन्या, साध्या गेममध्ये तो चालतो, पण प्रोटेक्टेड मोडमध्ये (प्रोसेसरच्या मोठी मेमरी वापरू देणाऱ्या पद्धतीत) जाणाऱ्या गेममध्ये चालत नाही, आणि १९९४ नंतरचे बरेचसे मोठे गेम त्यातलेच. त्यांच्यात थेट ‘एडब्ल्यूई-३२’ हा पर्याय असतो, तो निवडा. एमटी-३२ या रोलँडच्या मिडी सिंथच्या नकलेला रॅम लागते, कारण ते आवाज फाइलमधून चढतात, रॉममध्ये नाहीत. सिम नसलेल्या साउंड ब्लास्टर-३२ वर त्याची आशा धरू नका.

९. मेमरी दिसते का?

विंडोज ९५ किंवा ९८ मध्ये एडब्ल्यूई कंट्रोल पॅनेल उघडा, वापरायला किती मेमरी आहे ते तिथेच दिसतं. लिनक्स वापरत असाल तर ड्रायव्हर चढताना कर्नलच्या संदेशांत किती केबी सापडली ते छापलं जातं.

५१२ केबीच दिसली तर जंपर बघा. शून्य दिसलं तर सिम सॉकेटमध्ये टेकलेली नाही. आकडा बरोबर आहे, पण साउंडफाँट वाजवताना खरखर येते किंवा आवाज फाटतो? मग दोनपैकी एक सिम अर्धवट बसलीय किंवा मेली आहे. अर्धा नमुना बरोबर आणि अर्धा कचरा, असं होतं. दोघींची अदलाबदल करा: खरखरीचा पोत बदलला तर दोष सिमचा. तसाच राहिला तर सॉकेट साफ करा.

या परीक्षेसाठी पियानोचा साउंडफाँट घ्या. ढोल-ताशाच्या गदारोळात दोष लपतो, एकट्या पियानोच्या लांब सुरात लगेच उघडा पडतो.

१०. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड हाती लागलंच तर

कॅनडाच्या अॅडव्हान्स्ड ग्रॅव्हिसचं हे कार्ड १९९२ चं. मूळ अल्ट्रासाउंडवर वाद्यांची रॉम नाही, एफएमची चिपही नाही. वाजणारं प्रत्येक वाद्य डिस्कवरून कार्डाच्या रॅममध्ये चढतं. म्हणून एडब्ल्यूईवर जी रॅम हौसेची, ती इथे पोटापाण्याची.

मूळ कार्डावर २५६ केबी असतात आणि १ एमबीपर्यंत वाढवता येतात. सिम नाही, सुट्या चिपा. आठ सॉकेट, त्यातले दोन भरलेले. उरलेल्या सहांत २५६ के गुणिले ४ प्रकारच्या, २० पिनांच्या डीरॅम चिपा घालायच्या. चिपवर ‘५१४२५६’ किंवा ‘४४सी२५६’ अशा तऱ्हेचा नंबर असतो. दुकानात ‘४१२५६’ पुढे केली तर घेऊ नका. ती १६ पिनांची, वेगळ्याच जातीची. चिपेची अर्धगोल खाच सॉकेटवरच्या खाचेच्या बाजूला आली पाहिजे. उलटी बसवून वीज दिलीत तर चिप जाते.

ही मेहनत किती उपयोगी पडते ते ‘डूम’मध्ये कळतं. त्या गेमच्या डेटात अल्ट्रासाउंडसाठी २५६, ५१२, ७६८ आणि १०२४ केबी असे चार वेगळे रकाने आहेत. मेमरी कमी असेल तर अनेक वाद्यांच्या जागी एकच वाद्य वापरायचं, हे त्यात ठरवून दिलंय. म्हणजे मेमरी वाढवली की त्याच गेममध्ये वाद्यं वाढतात. पूर्ण १ एमबी करूनच वापरा, अध्येमध्ये थांबू नका.

१९९४ च्या अल्ट्रासाउंड मॅक्सवर ५१२ केबी आधीच असतात, आणि ४० पिनांची २५६ के गुणिले १६ जातीची एकच एसओजे (पाय आत वळलेली) चिप टाकली की १ एमबी होतो. हे काम सगळ्यात सोपं. फक्त चिप काढताना पेचकस वापरू नका, त्यासाठी मिळणारा खास चिमटा वापरा.

पुढे आलेलं अल्ट्रासाउंड पीएनपी एएमडीच्या इंटरवेव्ह चिपवर चालतं. त्यावर १ एमबी रॉम आहे आणि ३० पिनांच्या सिमचे दोन सॉकेट, ८ एमबीपर्यंत. साध्या पीएनपीवर रॅम मुळीच नसते, ‘प्रो’वर ५१२ केबी असते. पाचव्या पायरीत राखून ठेवलेल्या दोन सिम इथे लावा. आणि साधं पीएनपी सिमशिवाय मिळालं, जुने अल्ट्रासाउंडचे गेम त्यावर गप्प बसले, तर ड्रायव्हर बदलत बसण्याआधी ते दोन सॉकेट भरा.